काळी पाटी, पांढरी भिंत

४ जून

प्रिय चतुर,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि दुसऱ्या हाताने चित्र रंगवत असतेस, हे मला इकडे बसून कळतं. पत्र वाचताना तरी पेन खाली ठेवशील.

मला चित्र काढायचा टॅब्लेट घ्यायचाय. कोणता घेऊ?

हसलीस ना? त्या दुकानातला माणूसही हसला. मी "टॅब्लेट आहे का" म्हटलं, त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि म्हणाला, "औषधाचं दुकान पलीकडे आहे, आजी." तुझे काका तिथेच खुर्चीत बसून हसत राहिले, मदत शून्य. पुढच्या दुकानात मात्र एका मुलीने टेबलभर प्रकार मांडले. एकाला पडदा आहे, एकाला नाही. एकाला कंप्युटर लागतो, एकाच्या पोटातच कंप्युटर आहे. एकाचं पेन चार्ज करायचं, दुसऱ्याचं नाही. ती कौतुकाने म्हणाली, "याला पेनाच्या दाबाच्या हजारो पायऱ्या आहेत." मी विचारलं, "त्यातल्या अगदी पहिल्या दोन कशा आहेत? माझं सगळं काम तिथेच चालतं." तिला काही सांगता येईना. तुला येईल.

झालंय असं, की कीटकबाईंनी मला परत बोलावलंय. संग्रहालयाच्या कीटक विभागात आता त्याच मुख्य आहेत. मी निवृत्त झाल्यावर त्यांनी कुणाकुणाकडून चित्रं काढून घेतली, पण हे काम त्यांना माझ्याच हातचं हवंय. एक माशी आहे. इतकी लहान की या वाक्याच्या शेवटचा ठिपका तिच्यापेक्षा मोठा भरेल. अजून कुठल्याच पुस्तकात ती नाही. शाई आणि कागद आता हाताला झेपत नाहीत, म्हणून म्हटलं तुमच्या पद्धतीने बघावं. बाकी काही नाही.

आणि हो, स्टुडिओत लोक तुला चतुर म्हणतात आणि तू हुशार या अर्थाने मिरवतेस, असं कळलं. लहानपणी तू एका जागी ठरत नव्हतीस, म्हणून त्या किड्यावरून मी ते नाव ठेवलंय. लोकांना खरं सांगत जा.

तुझी,
मावशी

११ जून

मावशी,

"पहिल्या दोन पायऱ्या" वाचून मी खरंच पेन खाली ठेवलं. आमच्या स्टुडिओत इतकी वर्षं सगळे शेवटच्या पायरीबद्दल भांडतात. कुणी पहिलीबद्दल विचारलेलंच नाही. मी लगेच माझ्या पेनाने बघितलं. नुसतं टेकवलं तर रेघ येतच नाही, जरा जोर दिला की एकदम उमटते. ती सुरुवात किती हलकी लागते, यावरच सगळं आहे. आता दुकानात गेलीस तर पेन नुसत्या स्वतःच्या वजनाने सरकू दे. रेघ आली तर चांगलं.

आता नीट ऐक, हे माझं रोजच्या जेवणाचं साधन आहे. प्रकार तीन. पहिला, बिनपडद्याचा. नुसती काळी पाटी. तू पाटीवर पेन फिरवायचं आणि रेघ समोर कंप्युटरच्या पडद्यावर उमटणार. स्वस्त, टिकाऊ, पण हात इथे आणि डोळे तिथे. मला सवय व्हायला इतके दिवस लागले की मी एकदा रडले होते. दुसरा, पडद्यावरच काढायचा. नीब टेकते तिथेच रेघ, अगदी कागदासारखं. तिसरा, ज्याच्या पोटात कंप्युटर आहे तो. तो प्रवासाला ठीक, पण लहान पडतो.

तुला दुसराच. डोळे झाकून दुसरा. त्या काळ्या पाटीच्या वाटेला जाऊ नकोस, ती आमच्यासारख्या हट्टी लोकांसाठी आहे. विकत मात्र इतक्यात घेऊ नकोस. माझा जुना पडद्यावाला टॅब्लेट कपाटात पडून आहे, तो कुरिअरने पाठवतेय. तारा जोडायला काका आहेतच.

मला किती आनंद झालाय सांगू? तू मला भिंगातून किडे दाखवायचीस, आता मी तुला काहीतरी दाखवणार. फावल्या वेळेत मजेत शिक. घाई कसली आहे?

तुझी,
चतुर (किडाच)

२ जुलै

प्रिय चतुर,

खोकं आलं. काकांनी तारा जोडल्या, एक तार उरली, तिचं काय करायचं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही, तरी चाललं.

पहिली रेघ मी मुद्दाम हळू ओढली. काळ्या काचेच्या आतून ती वर आल्यासारखी वाटली, विहिरीच्या तळातून कळशी वर येते तशी. हात आखडून मी तशीच बसले. आयुष्यभर कागदावर शाई पसरताना बघितली, पण रेघेला वजनच नाही असं कधी बघितलं नव्हतं. मग ते मागे घ्यायचं बटण! चुकलं की दाबायचं, रेघ गेली. जणू काढलीच नव्हती. मी पोरासारखी ओढत आणि पुसत बसले. आणि थर! एकावर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखं. खालच्यावर शरीर, मधल्यावर पाय, वरच्यावर पंख, आणि कुणालाही न दुखवता कुणालाही बाजूला करता येतं. सूक्ष्मदर्शकात नेमकं असंच असतं. भिंगाचं चाक किंचित फिरवलं की पंख विरतो आणि खालचे पाय दिसतात, आणखी फिरवलं की पायांखालून पोट वर येतं. फोटोत यातली एकच पातळी स्पष्ट येते. सगळ्या पातळ्या एकत्र बघायच्या तर माणसालाच मनात त्यांची बेरीज करून काढावी लागते.

आमच्या बाईसाहेब कशा आहेत ते ऐक. माशी म्हटलं तरी ही गांधीलमाशीच्या नात्यातली. पंख पारदर्शक पडद्यासारखे नाहीत. मधे एक बारीक काडी आणि कडेने लांबच लांब केसांची झालर. पीसच म्हण. एवढ्याशा जिवाला हवा आपल्यासारखी लागत नाही, कीटकबाई म्हणाल्या, हवा तिला दाट लागते. ती उडत नाही, हवेत वल्हवते. आणि तिचं अख्खं बालपण दुसऱ्या एका किड्याच्या अंड्यात जातं. अंड्याच्या आत, चतुर! त्यात वाढते, पंख फुटतात, भोक पाडून बाहेर येते. त्या एवढ्याशा डोक्यात मेंदू आहे, डोळे आहेत, कुठे जायचं ते तिला कळतं. मी हे काम इतकी वर्षं केलं, तरी हिच्यापुढे तोंडात बोट घालायची वेळ आली.

घाई कसली, विचारलंस. नमुना एकच आहे. दोन काचांमधे डिंकासारख्या पदार्थात बसवलेला आहे, आणि त्या डिंकात काहीतरी बिघडलंय. कडेने काळसर व्हायला लागलाय आणि काळेपणा आत सरकतोय. काच उघडावी तर बाईसाहेबांचा चुरा होईल. दुसरी माशी शोधायला बाईंचे विद्यार्थी पानं गोळा करत हिंडताहेत, अजून सापडलेली नाही.

टॅब्लेट मात्र मी परत पाठवतेय. तो छान आहे. मला जमत नाही. रेघ माझ्या हाताखाली लपते. काचेवर दिव्याची चमकही येते. राग मानू नकोस.

मावशी

९ जुलै

मावशी,

खोकं परत आलं आणि मी ते न उघडताच कपाटात टाकलं.

रेघ हाताखाली लपते म्हणजे काय? रेघ कागदावरही हाताखालीच असते. चमक येते तर वर लावायची खरखरीत फिल्म मिळते. चित्र लहान वाटलं तर मोठं करता येतं. पेनाचं टोक आणि रेघ यांत अंतर पडत असेल तर ते जुळवून घ्यायची सोय आहे, काकांनी ते केलंच नसणार. दोन आठवड्यांत हात टेकलेस? मला रडवून रडवून रेघ शिकवणारी बाई हीच का?

मला वाटतं तू घाबरलीस. घाबरायला हरकत नाही, पण मग सरळ सांग. काम एवढं घाईचं असेल तर आमच्याकडे एक मुलगा आहे, फोटोवरून हुबेहूब काढून देतो. कीटकबाईंना विचारून बघ.

चतुर

१५ जुलै

चि. चतुरला,

हे पत्र मी लिहितोय, मावशीला माहीत नाही. तिला कळलं तर मला बाहेर जेवावं लागेल. आमच्यात लपवाछपवी कधी जमली नाही, पण या वेळी तिने माझं तोंड बंद केलंय आणि मला ते पोटात ठेवणं जमत नाहीये.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. हो, मी वाचून दाखवतो. "घाबरलीस" पर्यंत आलो आणि शेवटचा परिच्छेद गाळला. तुझा दोष नाही.

तिच्या डोळ्यांच्या मधोमध काहीतरी बिघडलंय. दोन्ही. डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचं चित्र दाखवून समजावलं. कडेचं सगळं ठीक राहतं, पण जिथे रोखून बघावं तिथेच धूसर डाग येतो. आता वाढायचं थांबलंय म्हणाले, पण गेलेलं परत येत नाही. बोलताना ती माझ्या कानाकडे बघते, कारण कानाकडे बघितलं की तिला माझा चेहरा दिसतो. सुरुवातीला मला वाटलं कानावर काही लागलंय. मी रोज कान धुवायचो.

कीटकबाईंना तिने सांगितलेलं नाही. काम काढून घेतील म्हणून. तुला सांगितलं नाही, कारण तू रजा टाकून येशील आणि तिची कीव करशील, असं म्हणाली.

तुझ्या टॅब्लेटवर ती बसायची तेव्हा मी शेजारी असायचो. पेनाचं टोक जिथे, नेमका तिथेच तिचा डाग. जरा बाजूला बघितलं तर काम दिसायचं, पण तिथे तिचाच हात आडवा. मान वाकडी कर, तोंड खाली घाल, सगळं करून झालं. एक दिवस पेन ठेवून म्हणाली, "रेघ काढतेय ती मी, पण बघणारी मी नाही." मी आयुष्यभर थिएटरात सिनेमाचं मशीन चालवलं, अंधारात बसून लोकांना उजेड दाखवला. हिला दाखवता येत नाही.

तुला यातलं कळतं. काही सुचलं तर सांग. माझं नाव सांगू नकोस.

काका

२१ जुलै

मावशी,

काकांचं नाव सांगायचं नाही, म्हणून सांगत नाही.

"घाबरलीस" हा शब्द मी परत घेते. घाबरलेली मी होते, तू माझ्या कामात हरलीस असं वाटून. कीव करायला येत नाहीये. रजाही टाकलेली नाही. मी वेगळंच काहीतरी केलंय, ते ऐक.

चष्म्याच्या दोन्ही काचांवर मधोमध काळ्या कागदाची टिकली चिकटवली आणि तशीच कामाला बसले. खरं तुझं तसं नसणार, माझा डोळा हलला की टिकलीच्या बाजूने दिसायचं. पण प्रयत्न करून समोर बघत राहिले. शेजारच्याने विचारलं, "कसली फॅशन?" माझ्या नव्या, भल्या मोठ्या, पडद्यावाल्या टॅब्लेटवर मला एक ढग काढता आला नाही. ढग, मावशी! जिथे काढायचं तिथे टिकली, जिथून दिसेल तिथे माझीच मूठ. काका म्हणाले ते, म्हणजे जे कुणी म्हणालं ते, अगदी खरं होतं.

मग मला ती काळी पाटी आठवली. स्टुडिओच्या अडगळीतून काढली. पाटी मांडीवर, हात खाली, रेघ समोरच्या पडद्यावर. हात मधे नाहीच! पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बघितलं की खालचं सगळं कडेने दिसायचं. कडेला बारीक दिसत नाही, म्हणून चित्र खूप, खूप मोठं केलं. ढग काढता आला. वेडावाकडा, पण मी काढला.

जी पाटी मी तुला घेऊ नकोस म्हणून सांगितली, तीच तुझी आहे. मोठ्यातली मोठी घेतलीय, म्हणजे मनगटाने नव्हे, खांद्यापासून हात फिरवता येईल. पृष्ठभाग खरखरीत आहे, नीब कागदावर चालल्यासारखा आवाज करते, तेवढा आवाजही तुला रेघ सांगेल. आणि पेन मी तपासून घेतलंय. नुसत्या स्वतःच्या वजनाने रेघ येते.

सुरुवातीला वैतागशील. हात आणि डोळे एकमेकांना ओळखत नाहीत. मी रडले होते, तू शिव्या दे.

कीटकबाईंना सांग, मावशी. त्यांना बघता येतं. तुला दोघींची गरज पडेल.

तुझी,
चतुर

२६ ऑगस्ट

प्रिय चतुर,

काकांना मी चार दिवस दुधी भोपळा दिला. आता माफ केलंय.

शिव्या दिल्या. भरपूर दिल्या. उजवीकडे जायचं तर रेघ भलतीकडे जायची. पेन्सिल धरायला शिकलेल्या दिवसापासून माझा हात माझ्या नजरेखाली होता, आता त्याला एकट्यालाच पाठवायचं. एक संपूर्ण आठवडा मी फक्त गोल काढले. ते बटाट्यासारखे यायचे. मग एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की मी हाताकडे लक्षच देत नाहीये आणि गोल बरा आलाय.

कीटकबाईंना सांगितलं.  उठल्या, खिडकीचे पडदे ओढले, परत बसल्या आणि म्हणाल्या, "मग मोठं कसं करायचं ते बघू." एवढंच. मी उगाच इतके महिने जीव टांगणीला लावून बसले होते.

मोठं तुझ्या काकांनी केलं. कंप्युटरचा पडदा मला लहानच पडत होता. एक दिवस ते विभागात मला न्यायला आले, थोडा वेळ मागे उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय खेळण्यातलं थिएटर मांडलंय?" व्याख्यानाच्या खोलीतला प्रोजेक्टर मागून घेतला आणि सूक्ष्मदर्शकावरच्या कॅमेऱ्यासकट कंप्युटरला जोडला. कपाटं सरकवून मागच्या खोलीतली सबंध भिंत मोकळी करून घेतली. दोन शिपाई, एक विद्यार्थी आणि कीटकबाई स्वतः कपाटं ओढत होत्या आणि हे हुकूम सोडत होते. मग दिवा बंद केला.

चतुर, कसं सांगू? माझ्यासमोर ती भिंतभर उभी राहिली. जमिनीपासून छतापर्यंत. जी डोळ्याला ठिपका म्हणूनही दिसत नाही, तिचा एक पाय माझ्या उंचीचा. पंखाचा एकेक केस माझ्या हाताएवढा लांब. पोटात तिची स्वतःची अंडी, ओंजळीएवढी, ओळीने रचलेली.  देवळात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं झालं. इतकी वर्षं मी किड्यांकडे वरून, एका डोळ्याने, श्वास रोखून बघितलं. पहिल्यांदाच एका किड्याने मला वरून बघितलं.

मी खुर्ची कोपऱ्याकडे तोंड करून ठेवायला लावली. कोपऱ्याकडे बघते आणि ती माझ्या डाव्या अंगाला उभी राहते, पूर्ण. पाटी टेबलावर. हात खांद्यापासून जातो आणि भिंतीवर रेघ चालायला लागते. कीटकबाई सूक्ष्मदर्शकाशी बसून चाक फिरवतात, पातळी बदलतात आणि माझी प्रत्येक रेघ खऱ्या काचेशी ताडून बघतात. "तो केस दुसऱ्याच्या वरून जातो, खालून नाही." मी पुसते, परत काढते. अशी आमची जोडी.

काळेपणा आत आलाय. एका मिशीचं टोक गेलं. मी ते आधीच काढून ठेवलं होतं. रोज सकाळी पडदे ओढण्याआधी बाई काच बघतात आणि मी त्यांच्या आवाजावरून ओळखते. माझ्या डोळ्यांत डाग मधून पसरला, तिच्या काचेत कडेकडून. मधे कुठेतरी आम्ही भेटतोय.

डबा खायला बोलावताहेत. उरलेलं पुढे.

तुझी,
मावशी

२३ सप्टेंबर

मावशी,

शेवटी रजा टाकलीच. पण कीव करायला नाही, हे तूही बघितलंस. घरी पोचले आणि कामाला बसले तरी अजून त्या खोलीतून बाहेर आलेले नाही. तू स्वतःला बघू शकत नाहीस, म्हणून मला काय दिसलं ते लिहून ठेवते.

दार उघडलं तर आत अंधार आणि भिंतीवर ती. काकांनी सांगितलं होतं, तू लिहिलं होतंस, तरी मी एक पाऊल मागे गेले. तू भिंतीकडे बघतच नव्हतीस. कोपऱ्यात पाहुणे आल्यासारखी तिकडे तोंड करून बसली होतीस, चेहरा शांत, आणि तुझ्या बाजूला, तुझ्याशी काही संबंध नसल्यासारखी, भिंतीवर एक रेघ वाढत होती. पंखाच्या काडीपासून निघाली, बाहेर गेली, बारीक होत होत टोकाला संपली. कुठे संपली ते सांगता येणार नाही इतकी बारीक. मग दुसरी. मग तिसरी. नीबेचा खर्र असा आवाज आणि बाईंचं "हं, बरोबर."

तू म्हणालीस, "दार लावा, उजेड येतोय." मला ओळखलं नाहीस. मी दार लावलं, उभी राहिले, या पायावरून त्या पायावर झाले, आणि तू न वळता म्हणालीस, "चतुर?" कसं कळलं विचारलं तर म्हणालीस, "कडेला काहीतरी हलतंय आणि ठरत नाही."

मला एक गोष्ट राहून राहून आठवते. ते मागे घ्यायचं बटण, ज्याच्यावर तू पोरासारखी खूश झाली होतीस, ते तू तासाभरात एकदाही दाबलं नाहीस. मी तर एका झाडासाठी शंभरदा दाबते. विचारलं, तर म्हणालीस, "रेघ निघायच्या आधीच पुष्कळ वेळ बघून झालेलं असतं." घरी आल्यापासून मी रेघ काढायच्या आधी हात उचलून नुसती बसते. स्टुडिओत सगळे विचारताहेत, हिला झालंय काय.

काच किती उरलीय, खरं सांग.

तुझी,
चतुर

१९ नोव्हेंबर

प्रिय चतुर,

काच गेली. ऑक्टोबरच्या शेवटी. आता ती उजेडासमोर धरली तर नुसता तपकिरी डाग दिसतो, असं बाई म्हणतात.

चित्र झालं, एका जागेपुरतं सोडून. डाव्या मागच्या पंखाचं टोक मी काढायच्या आत अंधारात गेलं. बाई म्हणाल्या, "उजव्यावरून उलटं करून घेता येईल, एका बटणाचं काम आहे." मला माहीत आहे, तूच दाखवलंस. पण ते मला दिसलं नव्हतं. मी तिथे तुटक रेघ दिली. बाई भिंतीजवळ जाऊन ती रेघ बघून आल्या. मग म्हणाल्या, "राहू दे तसंच." चित्र छापायला गेलं. विभागात पेढे वाटण्याइतका आनंद होता, पण मला घरी आल्यावर कुणी सोडून गेल्यासारखं वाटत होतं. तीन महिने तिच्यासमोर बसले होते, आता भिंत पांढरी.

आता खरी बातमी. काल सकाळी बाईंचा फोन आला, "आहात तशा या." काकांनी एका पायात चप्पल, एका पायात बूट घातला होता, ते विभागात पोचल्यावर कळलं. विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या पानांपैकी एका पानाच्या पाठीवर दुसऱ्या किड्याची अंडी होती. त्यातलं एक काळपट पडलं होतं आणि आतून हलत होतं. बाईंनी ते कॅमेऱ्याखाली ठेवलं आणि प्रोजेक्टर लावला. दिवा बंद. मी माझ्या खुर्चीत, कोपऱ्याकडे तोंड करून.

भिंतीवर अंड्याला भोक पडलं. त्यातून एक डोकं आलं, मग मिश्या, ओल्या, चिकटलेल्या. एक पाय बाहेर, मग दुसरा. ती दमत होती, थांबत होती, परत जोर करत होती. आम्ही सगळे माना पुढे काढून बसलो होतो. मग ती पूर्ण बाहेर आली आणि अंड्यावर उभी राहिली. बाई म्हणाल्या, "तीच."  आम्ही तीन महिने जिच्या प्रेतापुढे बसलो, ती उभी राहून मिश्या पुसत होती.

पंख दिसेनात. एक विद्यार्थी म्हणाला, "हिला पंखच नाहीत, वेगळी दिसतेय." सगळे रोखून बघत होते. मला रोखून बघता येत नाही, चतुर, पण कडेला काही हललं तर ते मला तुमच्याआधी दिसतं. मी म्हटलं, "पंख आहेत. मिटलेत."

पाठीवर दोन काड्या होत्या, ओल्या ब्रशसारख्या. सगळे केस एकत्र मिटून एकाच टोकाला आलेले. मी बोलले आणि ते सुटायला लागले. एक केस, मग त्याच्या शेजारचा, मग एकदम पुष्कळ, आणि झालर उघडली. परत मिटली. परत उघडली. खोलीत कुणीतरी "अरे" म्हणालं, बहुतेक काका. काचेत ती चापून, पसरून बसवलेली होती, म्हणून मी केस पसरलेलेच काढले. ते मिटतात हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

मग ती गेली. मी म्हटलं, "गेली." बाकीचे आणखी थोडा वेळ रिकाम्या अंड्याकडेच बघत राहिले. कुठे गेली, कशी गेली, त्यांना कळलंच नाही. मला दिसलं. दोन वेळा वल्हवलं, वर, डावीकडे, आणि भिंतीच्या कडेवरून बाहेर.

दिवा लागला. बाई माझ्याकडे वळल्या आणि काही बोलायच्या आत मी म्हटलं, "बाई, माझं चित्र चुकलंय. म्हणजे मेलेल्या माशीचं ते बरोबर आहे." आणि मला हसू आवरेना. बाईंना वाटलं मी रडतेय, त्या पाणी आणायला धावल्या.

या वयात, या डोळ्यांनी, मला असं चुकायला मिळालं, चतुर. पानावर आणखी अंडी आहेत. उद्यापासून परत बसतेय.

तुझी,
मावशी